विंडोज नसलेल्या घरातलं बुद्धिबळ

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार काढून घेतला आणि आमच्या जबलपुरात कितीतरी घरांतले धडधाकट कॉम्प्युटर एका दिवसात म्हातारे ठरले. विंडोज ११ त्यांच्यावर चढत नाही, त्याला नवा प्रोसेसर हवा. राइट टाऊनमध्ये माझ्याकडे रविवारी बुद्धिबळ खेळायला येणाऱ्या पोरांच्या घरची अशी यंत्रं मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाकून परत करतो. मग आई-वडिलांचा प्रश्न ठरलेला, “काका, यावर चेसबेस चालेल का?”

नाही चालत. चेसबेस हे डाव साठवायचं आणि अभ्यासायचं, हॅम्बुर्गच्या कंपनीचं सॉफ्टवेअर, आणि ते विंडोजसाठीच आहे. गंमत अशी की १९८७ च्या सुमाराला ते जन्मलं तेव्हा अटारी एसटी नावाच्या कॉम्प्युटरवर चालायचं. तर आता चेसबेसविना काय करायचं, हे सांगतो.

माझी नोकरी इथल्या व्हेइकल फॅक्टरीत झाली. शक्तिमान ट्रकचं इंजिन वेगळं आणि त्यावरची बॉडी वेगळी, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नसे. बुद्धिबळाच्या सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. चाल शोधणारा भाग म्हणजे इंजिन. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत, चेहराच नाही. पडद्यावर दिसतो तो पट हा दुसराच प्रोग्राम, आणि दोघं एकमेकांशी साध्या अक्षरांत बोलतात. पटाकडून स्थिती जाते, ‘शोध’ असा हुकूम जातो, इंजिनाकडून उत्तम चाल परत येते. या बोलण्याचे नियम म्हणजे यूसीआय. रुडॉल्फ हुबर आणि स्टेफान मायर-काहलन यांनी ते २००० साली खुले केले. त्यामुळे कुठलंही इंजिन कुठल्याही पटाला जोडता येतं. दुकानदार हे सांगत नाही, कारण त्याच्याकडे दोन्ही एकाच डब्यात असतात.

आणि इंजिनाच्या बाबतीत विंडोजवाल्याला आपल्यापेक्षा काडीचंही जास्त मिळत नाही. स्टॉकफिश हे जगातल्या सर्वांत ताकदवान इंजिनांपैकी एक, आणि ते फुकट आहे. नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टाडने ग्लाउरुंग नावाचं इंजिन लिहिलं होतं. २००८ साली इटलीच्या मार्को कोस्टाल्बाने त्यावरून स्टॉकफिश काढलं. आज जगभरची माणसं त्यावर काम करतात. त्याचा कोड खुला आहे, पण त्यावर बांधलेलं काही विकायचं तर तुमचाही कोड खुला ठेवावा लागतो. याच अटीवरून २०२१ मध्ये स्टॉकफिशच्या मंडळींनी चेसबेसवर जर्मनीत दावा लावला होता. पुढच्या वर्षी तडजोड झाली.

जुन्या यंत्रावर मात्र एक खोच आहे, ती नीट समजून घ्या. स्टॉकफिशच्या साइटवर एकाच आवृत्तीच्या बऱ्याच फायली असतात, वेगवेगळ्या प्रोसेसरसाठी. ‘एव्हीएक्स२’ लिहिलेली फाइल वेगवान, पण इंटेलमध्ये ही सोय २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून आली. त्याआधीच्या यंत्रावर ती फाइल उघडताक्षणी बंद पडते, आणि माणूस म्हणतो लिनक्सच खराब. अशा वेळी ‘एसएसई४१-पॉपसीएनटी’ लिहिलेली फाइल घ्यायची. शिवाय लिनक्समध्ये उतरवून घेतलेल्या फाइलला चालायची परवानगी द्यावी लागते. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, परमिशन्स, आणि तिथल्या चौकोनात खूण. एवढंही नको असेल तर मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून स्टॉकफिश घ्या. आवृत्ती थोडी मागची मिळेल, पण तुम्हा-आम्हाला हरवायला ती पुरून उरते.

आता पट. स्किड हे माझं रोजचं. शेन हडसनने सुरू केलेल्या या प्रोग्रामचं ‘स्किड व्हर्सेस पीसी’ नावाचं भावंड लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हीवर चालतं. दिसायला ते कुरूप आहे, सरकारी फॉर्मसारखं, हे मान्य. पण लाखो डावांतून पटावरची हीच स्थिती कुठे कुठे आली, त्यानंतर कोणती चाल किती जणांनी खेळली आणि किती जिंकले, हे ते क्षणात दाखवतं. पोरांना देखणं हवं असेल तर ‘आँ क्रोआसाँ’ नावाचा नवा प्रोग्राम पाहा. तोही फुकट, आणि इंजिन व डावांचा साठा तो स्वतःच उतरवून घेतो.

डाव आणायचे कुठून? मार्क क्राउदर १९९४ पासून ‘द वीक इन चेस’ चालवतात. तिथे दर आठवड्याचे डाव पीजीएन या साध्या अक्षरांतल्या स्वरूपात फुकट मिळतात, आणि पीजीएन प्रत्येक प्रोग्राम वाचतो. जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक घेतला आणि ग्रँडमास्टरही झाली. ते डाव आमच्या पोरांनी अशाच जुन्या मिंटच्या यंत्रावर चाल-चाल करत पाहिले.

मॅकवाल्यांना चेस नावाचं अ‍ॅप आधीपासूनच बसवलेलं मिळतं. वेळ घालवायला ठीक, शिकायला नाही. नुसता अँड्रॉइड फोन असेल तर ड्रॉइडफिश घ्या. आणि काहीच बसवायचं नसेल तर लिचेस आहेच. थिबो दुप्लेसी या फ्रेंच माणसाने २०१० मध्ये सुरू केलेली ही साइट जाहिरातीही दाखवत नाही. ब्राउजरमध्येच स्टॉकफिश चालवते.

स्टॉकफिशशी खेळून मुलं शिकतील, अशी आशा मात्र धरू नका. त्याची ताकद कमी करता येते, पण मग ते चार चाली विश्वविजेत्यासारख्या खेळून पाचवीला घोडा फुकट देतं. माणूस असा चुकत नाही. माणसासारखं चुकणारा प्रतिस्पर्धी हवा असेल तर लिचेसवर माया नावाचे बॉट आहेत. माणसांचेच लाखो डाव दाखवून त्यांना शिकवलंय, आणि त्यांच्या वेगवेगळ्या पातळ्या आहेत. इंजिन ठेवायचं ते खेळ संपल्यावर चूक शोधायला, तेही आधी स्वतः शोधून झाल्यावर.

चेसबेस कुणी घ्यावं? ज्याचा प्रशिक्षक त्याच स्वरूपातल्या फायली पाठवतो आणि पीजीएन करून द्यायला तयार नाही, त्याने. बाकीच्यांनी त्यासाठी बाजूला काढलेले पैसे एक बरं घड्याळ आणि पुढच्या रेटिंग स्पर्धेची प्रवेश फी यांवर घालावेत.