रंग बदलला की जुन्या गाडीची किंमत पडते?

कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, येणं २०००च्या सुमारास थांबलं. त्यामुळे आज जी पद्मिनी रस्त्यावर आहे, तिची पंधरा वर्षं कधीच उलटलीत आणि दर पाच वर्षांनी तिला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत न्यावं लागतं. कांदिवली-बोरिवलीकरांसाठी ते आरटीओ म्हणजे चारकोप, एमएच-४७. त्याआधी गाडी रंगवायला काढली की रंगच बदलू या का, हा विषय निघतो आणि ऐकीव सल्ले सुरू होतात.

मूळ रंग गेला की किंमत निम्मी, हा त्यातला पहिला सल्ला. मोजक्याच निघालेल्या परदेशी गाड्यांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. कारखान्याच्या नोंदीतला रंग तिथे शोधून ताडला जातो. पद्मिनी घेणारा मात्र आधी पत्रा, इंजिन-चासी नंबर आणि कागद पाहतो. फियाटला शोभणारा रंग नीट दिलेला असेल, तर केवळ रंगावरून सौदा मोडू नये.

वरून चकाचक दिसलं की झालं, हा खरा महागात पडणारा समज. रंग बदलायचा तर काचा, दारं, रबर, आतलं कापड सगळं उतरवावं लागतं. इंजिनही काढावं लागतं. घाईच्या कामात हे टाळतात. मग दाराच्या कडेला, डिकीत, बॉनेटखाली जुना रंग तसाच राहतो. काळी-पिवळी टॅक्सी पांढरी करून विकली, तर छताच्या आतला पिवळा पत्रा तिचं पूर्वायुष्य सांगतो. जाणकार चुंबकही लावून पाहतात: जाड पुट्टीवर ते धरत नाही, म्हणजे खाली पत्रा सडलेला असू शकतो. किंमत पडते ती इथे. म्हणून रंगकाम चालू असताना उघड्या पत्र्याचे फोटो काढून ठेवा. विकताना बिलाइतकेच ते कामी येतात.

गाडी आपली, मग आरटीओला काय विचारायचं, असंही म्हणतात. पण रंग आरसीवर नोंदलेला असतो. नोंद न बदलता रंग बदलला, तर नूतनीकरणात आणि हस्तांतरणात गाडी अडते. लष्करी हिरवा रंग तर केंद्रीय मोटार वाहन नियम १२१नुसार संरक्षण खात्याखेरीज कुणालाच देता येत नाही.

रंग बदललेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी नाहीच, हेही खरं नाही. २०२१च्या नियमांत पन्नास वर्षांची अट आहे आणि मोठ्या फेरफारांची जी मनाई आहे, तिचा रोख चासी, बॉडी आणि इंजिनावर आहे. १९६०च्या दशकातली फियाट ११०० डिलाइट त्या वयात कधीच बसली आहे.

तरी एक विनंती. तुमच्या गाडीवर कारखान्याचाच रंग अजून असेल, विटलेला का असेना, तर खरवडण्याआधी पॉलिश करून पाहा. नवा रंग केव्हाही देता येईल, पण खरवडलेला मूळ रंग कुठलाच पेंटर परत आणू शकत नाही.