घरी तयार केलेली डीव्हीडी चालत नसल्यास

अनेक शाळांच्या कपाटांत स्नेहसंमेलनाचे, विज्ञान-प्रदर्शनाचे अथवा एखाद्या निवृत्त गुरुजींच्या आदर्श पाठाचे चित्रण साठविलेल्या डीव्हीडी तबकड्या आहेत. त्यांपैकी पुष्कळशा कारखान्यात छापलेल्या नसून संगणकावर किंवा रेकॉर्डरवर तयार केलेल्या असतात. अशी तबकडी संगणकावर चालते, परंतु दूरदर्शन-संचाला जोडलेल्या प्लेअरवर चालत नाही, असा अनुभव वारंवार येतो. मग ती बिघडली असे समजून टाकून दिली जाते. हे योग्य नव्हे. पुष्कळदा चित्रण शाबूत असते. तबकडी व यंत्र यांचा मेळ तेवढा बसलेला नसतो.

प्रथम दोष कोणाचा हे ठरवावे. तीच तबकडी दुसऱ्या प्लेअरमध्ये व चांगली चालणारी दुसरी तबकडी त्याच प्लेअरमध्ये लावून पाहावी. चांगली तबकडीही न चालल्यास दोष यंत्राचा समजावा. अन्यथा पुढील क्रमाने तपास करावा.

१. तबकडीचा प्रकार : प्लेअर तबकडीवरून परावर्तित होणाऱ्या लेसर-किरणांवरून माहिती वाचतो. पुनःपुन्हा लिहिता येणारी 'आरडब्ल्यू' तबकडी एकदाच लिहिता येणाऱ्या 'आर' तबकडीपेक्षा कमी प्रकाश परत पाठविते. म्हणून जुने प्लेअर तिला ओळखत नाहीत. 'मायनस आर' व 'प्लस आर' यांपैकी एकच प्रकार वाचणारे जुने प्लेअरही आढळतात. अशा वेळी तेच चित्रण दुसऱ्या प्रकारच्या तबकडीवर उतरवावे.

२. लेखनाची समाप्ती : रेकॉर्डरवर भरलेली तबकडी शेवटी 'फायनलाइझ' करावी लागते. ते राहून गेल्यास अन्य यंत्रांना तबकडी कोरी किंवा अनोळखी भासते. ती शक्यतो मूळ रेकॉर्डरमध्येच घालून ही क्रिया पूर्ण करावी.

३. फाइलींची रचना : संगणकावर तबकडी उघडून पाहावी. तीत केवळ 'एमपी४' किंवा 'एव्हीआय' फाइल असेल, तर ती माहिती-तबकडी होय. साध्या प्लेअरला ती वाचता येतेच असे नाही. 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर व त्यात 'आयएफओ', 'बीयूपी' आणि 'व्हीओबी' फाइली असाव्या लागतात. फाइलीचे केवळ नाव बदलून हे साधत नाही. डीव्हीडी तयार करण्याच्या प्रणालीतूनच चित्रण पुन्हा काढावे लागते.

४. चित्र व ध्वनी : डीव्हीडीवरील चित्र सामान्यतः 'एमपीईजी-२' पद्धतीचे असते. भारतात रूढ असलेल्या 'पाल' पद्धतीत चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे व सेकंदास २५ चौकटींचे असते. 'एनटीएससी' पद्धतीत ते ७२० × ४८० बिंदूंचे व सेकंदास सुमारे ३० चौकटींचे असते. पद्धत न जुळल्यास जुन्या संचावर चित्र कृष्णधवल दिसते किंवा सरकत राहते. चित्र व ध्वनी मिळून माहितीचा प्रवाह सेकंदास १०.०८ मेगाबिटांपलीकडे जाता कामा नये. घरगुती तबकडीत तो ६ ते ७ मेगाबिट ठेवल्यास चित्र अडखळण्याचा संभव कमी होतो व ४.७ जीबीच्या तबकडीत सुमारे दीड तासाचे चित्रण मावते.

५. लेखनाची गती व निगा : एकपदरी तबकडीचे लेखन मध्याकडून कडेकडे होते. म्हणून आरंभ ठीक चालून शेवटी चित्र थांबत असल्यास कडेचा भाग तपासावा. ओरखडा अथवा डाग नसल्यास नवी प्रत कमी गतीने लिहावी. कागदी लेबल चिकटविल्याने तबकडीचा तोल बिघडतो. नाव लिहिण्यास तबकडीसाठी मिळणारी विशेष लेखणी वापरावी. पुसताना मऊ कापड मध्याकडून कडेकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये.

या सर्वांहून एक गोष्ट अगत्याची आहे. लिहिलेल्या तबकडीतील रंगद्रव्याचा थर ऊन व उष्णता यांमुळे कालांतराने खराब होतो, आणि आजच्या बहुतेक नव्या लॅपटॉपांत तबकडी वाचण्याची सोय नसते. म्हणून जी तबकडी एखाद्या तरी संगणकावर उघडते, तिच्यातील सर्व फाइलींची प्रत तत्काळ काढून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी. दुरुस्तीचे प्रयोग त्यानंतर करावेत. प्लेअर नवा आणता येतो. दिवंगत गुरुजींचा पाठ पुन्हा चित्रित करता येत नाही.