जनुक-नियंत्रण : हिमरोधी प्रथिने व स्तन कर्करोग

सजीवाच्या कोशिकेत कोणते जनुक केव्हा, कोठे व किती प्रमाणात कार्यान्वित व्हावे हे ठरविणाऱ्या यंत्रणेस जनुक-नियंत्रण म्हणतात. एकाच प्राण्याच्या यकृतातील व त्वचेतील कोशिकांत डीएनए जवळजवळ सारखेच असते. तरीही यकृत जी प्रथिने निर्माण करते ती त्वचा करीत नाही. फरक जनुकांत नसून त्यांच्या वापरात असतो. प्रत्येक जनुकाच्या आरंभी डीएनएचा एक नियामक भाग असतो. त्यास प्रवर्तक खंड म्हणतात. त्यावर किंवा त्याच्या आसपास विशिष्ट प्रथिने येऊन चिकटली म्हणजे जनुकाचे वाचन सुरू होते किंवा थांबते. ही प्रथिने पुष्कळदा हॉर्मोनांच्या आदेशानुसार वागतात आणि हॉर्मोनांचे स्रवणे ऋतू, वय, गर्भारपण इत्यादींवर अवलंबून असते.

बाह्य परिस्थितीने अशी कळ फिरण्याचे उदाहरण भातशेतीत सहज पाहावयास मिळते. कर्जत व खालापूर तालुक्यांसारख्या कोकणच्या आतील पट्ट्यात पूर्वापार लावल्या जाणाऱ्या गरव्या भातांपैकी अनेक जाती पेरणी थोडी पुढेमागे झाली तरी दिवस लहान होऊ लागल्यावरच निसवतात. हळव्या जाती बहुधा दिवसमानाची अशी वाट पाहत नाहीत. दोन्हींत फुलोऱ्याची जनुके आहेतच. ती केव्हा जागी व्हावीत याचे नियम मात्र निराळे आहेत. कर्जत येथील भात संशोधन केंद्रातून बाहेर पडलेल्या सुधारित जातींच्या निवडीतही पीक तयार होण्याचा कालावधी हा एक प्रमुख गुण राहिला आहे.

थंड समुद्रातील माशांच्या शरीरातील हिमरोधी (गोठण्यास विरोध करणारी) प्रथिने आणि स्त्रियांचा स्तन कर्करोग हे दोन विषय वरवर पाहता परस्परांपासून फार दूरचे आहेत. परंतु विसाव्या शतकाच्या शेवटच्या तीन दशकांत हॉर्मोन व जनुक यांचा संबंध आणि जनुकांच्या प्रतींच्या संख्येचा परिणाम या गोष्टी ज्या उदाहरणांवरून स्पष्ट झाल्या, त्यांत या दोहोंचा समावेश होतो. दोन्हीकडे वापरलेली रेणवीय जीवविज्ञानाची तंत्रेही एकच आहेत.

हिमरोधी प्रथिने : समुद्राचे पाणी सुमारे –१·९° से. तापमानास गोठते, तर सामान्य माशाचे रक्त सुमारे –०·७° से.लाच गोठू लागते. म्हणजे ध्रुवीय समुद्रातील मासा द्रव पाण्यात पोहत असतानाच आतून गोठावयास हवा. तो का गोठत नाही याचे उत्तर आर्थर डेव्हरीझ या अमेरिकन शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिक माशांच्या रक्ताचा अभ्यास करून १९६९ च्या सुमारास दिले. त्या रक्तात शर्करायुक्त प्रथिने असतात आणि ती बर्फाच्या सूक्ष्म स्फटिकांच्या पृष्ठभागास चिकटून त्यांची वाढ रोखतात. मिठामुळेही पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो, पण ते विरघळलेल्या कणांच्या संख्येमुळे. हिमरोधी प्रथिन अत्यल्प प्रमाणात असूनही प्रभावी ठरते, कारण ते नेमके वाढत्या स्फटिकावर जाऊन बसते. एकदा तयार झालेले बर्फ वितळण्याचा बिंदू त्यामुळे फारसा बदलत नाही.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील विंटर फ्लाउंडर हा चपटा मासा (कोकणातील लेपा माशाचा दूरचा नातलग) या दृष्टीने अधिक उद्‌बोधक ठरला. गार्थ फ्लेचर, चॉय ह्यू, पीटर डेव्हिस व त्यांचे सहकारी यांना असे आढळले की, त्याच्या रक्तातील हिमरोधी प्रथिन हिवाळ्याच्या तोंडाशी वाढते व उन्हाळ्यात जवळजवळ नाहीसे होते. दिवस मोठा असताना पोष ग्रंथीतून स्रवणारे वाढीचे हॉर्मोन यकृतातील हिमरोधी जनुके दाबून ठेवते. ही ग्रंथी काढून टाकल्यास भर उन्हाळ्यातही प्रथिन तयार होऊ लागते. या जनुकाच्या सुमारे चाळीस प्रती एका माशात आढळल्या. एवढे प्रथिन थोड्या काळात निर्माण करावयाचे तर एक जनुक पुरेसे पडत नाही. कमी बर्फाच्या पाण्यातील संबंधित माशांत प्रती कमी असतात. उल्हास किंवा पाताळगंगा नदीतील माशांना या जनुकांचा काहीच उपयोग नाही, हे सांगावयास नको.

अंटार्क्टिक माशांचे हे जनुक कोठून आले, हा प्रश्न १९९७ मध्ये सुटला. ट्रिप्सिनोजेन या पाचक प्रथिनाच्या जनुकाच्या काही भागांची पुनरावृत्ती होऊन ते बनले होते. उत्तर ध्रुवाकडील कॉड माशांत जवळजवळ तसेच प्रथिन पूर्णतः वेगळ्या मार्गाने उत्पन्न झाले आहे.

प्रवर्तक खंड एका जनुकापासून तोडून दुसऱ्यास जोडता येतो. ओशन पाउट या माशाच्या हिमरोधी जनुकाचा प्रवर्तक चिनूक सामन माशाच्या वाढीच्या हॉर्मोनाच्या जनुकास जोडून तो अटलांटिक सामन माशात घातल्यावर मासा वर्षभर वाढत राहिला व निम्म्या काळात बाजारयोग्य झाला. अमेरिकेने २०१५ साली त्यास खाद्य म्हणून मान्यता दिली. पण हा व्यवसाय टिकला नाही आणि संबंधित कंपनीने २०२४ च्या अखेरीस मत्स्योत्पादन थांबविले.

उंदरांतील स्तन कर्करोग : उंदरांच्या काही वाणांत स्तन कर्करोग मोठ्या प्रमाणात होतो. अशा वाणाच्या पिलांना दुसऱ्या वाणाच्या मादीचे दूध पाजल्यास तो कमी होतो, असे जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखविले. दुधातून जाणारा हा ‘घटक’ म्हणजे एक व्हायरस असल्याचे पुढे सिद्ध झाले. मुंबईत वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या विद्यार्थिनी कमल जयसिंग रणदिवे (१९१७–२००१) यांनी १९४० नंतरच्या दशकात या रोगाची कमीअधिक प्रवणता असलेल्या उंदरांच्या वाणांतील स्तन ग्रंथींची तुलना केली. पुण्यात जन्मलेल्या व फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या रणदिवे यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच्‌.डी. पदवी १९४९ मध्ये मिळविली. त्यानंतर त्यांनी अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतकसंवर्धनाचे (शरीराबाहेर कोशिका वाढविण्याचे) तंत्र आत्मसात केले आणि परतल्यावर परळ येथील कर्करोग संशोधन केंद्रात त्याची प्रयोगशाळा उभारली. आनुवंशिक प्रवणता, हॉर्मोने व व्हायरस या तिन्ही कारणांचा एकत्रित विचार हे त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य होते. पुढील संशोधन पाहता ही दिशा अचूक होती, असे म्हणावे लागते.

कारण हा व्हायरस स्वतःची जनुके उंदराच्या डीएनएत घुसवितो आणि त्याच्या प्रवर्तक खंडास स्टेरॉइड हॉर्मोने चालना देतात. गर्भारपणात व दूध सुटण्याच्या काळात ही हॉर्मोने वाढली की व्हायरसही वाढतो. तो ज्या जनुकाशेजारी बसतो ते जनुक त्यामुळे अवेळी जागे होते. अशा एका जनुकाचा शोध रोएल नुसे व हॅरल्ड व्हार्मस यांनी १९८२ मध्ये लावला. मुळातले जनुक निकोप असूनही केवळ त्याची कळ सतत चालू राहिल्याने अर्बुद होऊ शकते, हे यावरून दिसले.

मानवातही असा व्हायरस असेल काय? मुंबईतील पारशी स्त्रियांत स्तन कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा जास्त आढळत असे. १९७१ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ आणि सत्यवती शिरसाट प्रभृती मुंबईचे संशोधक यांनी मिळून पारशी स्त्रियांच्या दुधात व्हायरससदृश कण दिसल्याचे प्रसिद्ध केले. त्या वेळी या निष्कर्षाने मोठी खळबळ उडाली. मात्र मानवी स्तन कर्करोग दुधातून पसरणाऱ्या व्हायरसामुळे होतो, असे त्यानंतर सिद्ध झालेले नाही. उलट बाळास अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांत या रोगाचा धोका काहीसा कमी असतो. उंदरांवरील निष्कर्ष ऐकून कोणी स्तनपान टाळल्यास ते सर्वथा चुकीचे ठरेल.

मानवी स्तन कर्करोग : बहुसंख्य अर्बुदांच्या कोशिकांत स्त्रीमदजन हॉर्मोनास बांधून घेणारे ग्राही प्रथिन असते. हॉर्मोन त्यास चिकटले की ते डीएनएवर बसून कोशिका-विभाजनाची जनुके चालू करते. अंडकोश काढल्याने काही रुग्णांचे अर्बुद आक्रसते, हे जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्येच पाहिले होते. त्याचे कारण ग्राहीच्या शोधानंतर उमगले. टॅमॉक्सिफेन हे औषध ग्राहीची जागा अडवून हॉर्मोनाचा आदेश निष्फळ करते.

दुसऱ्या प्रकारात ‘हर-२’ या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात. कोशिकेत याच्या दोन प्रती असावयाच्या, त्या कित्येक पटींनी वाढतात. कोशिकेच्या पृष्ठभागावर त्याच्या प्रथिनाची गर्दी होते व वाढीचा संदेश थांबत नाही. अशा अर्बुदांची वाढ जलद असते, असे डेनिस स्लॅमन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखविले. जनुकाच्या प्रती वाढल्याने फ्लाउंडर मासा बर्फात जगतो आणि तशाच वाढीने येथे रुग्णाचा जीव धोक्यात येतो. या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड ट्रॅस्टुझुमॅब १९९८ पासून उपचारात आहे. वरील दोन्ही ग्राही व प्रोजेस्टेरॉनाचा ग्राही यांपैकी एकही नसलेला तिसरा प्रकार भारतीय रुग्णांत पाश्चात्त्य देशांच्या मानाने अधिक आढळतो. त्यावर ही औषधे चालत नाहीत. बीआरसीए-१ व बीआरसीए-२ या जनुकांतील जन्मजात दोषांमुळे होणारा कर्करोग हा एकूण रुग्णांपैकी थोड्यांनाच होतो.

म्हणून काढलेल्या ऊतकाच्या तुकड्यावर ग्राहींची तपासणी केल्याशिवाय औषध ठरविता येत नाही. भारतीय स्त्रियांत आता हाच कर्करोग सर्वाधिक आढळतो. ग्रामीण भागात त्याचे प्रमाण शहरांहून कमी असले, तरी रुग्ण उशिरा येतात. कर्जत-खालापूरकडील रुग्णास विशेष उपचारांसाठी परळचे टाटा स्मारक रुग्णालय किंवा रायगड जिल्ह्यातच खारघर येथे असलेले त्याच संस्थेचे उपचार व संशोधन केंद्र गाठावे लागते. परळची जुनी संशोधनसंस्था या खारघरच्या केंद्रातच सामावली आहे.

गाठ लवकर सापडावी यासाठी यंत्राची गरज नेहमीच असते असे नाही. मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश असलेला एक प्रयोग झाला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन-तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणी झालेल्या गटात रोग अलीकडच्या अवस्थेत सापडला. पन्नाशीवरील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, तर त्याहून लहान वयाच्या स्त्रियांत तशी घट दिसली नाही. [→ कर्करोग, हॉर्मोने].