उन्हाळी की जंतू?

"उन्हाळी लागली, धन्याचं पाणी पी," असं आपल्याकडे सांगतात. अकोला-अमरावतीच्या 45 अंश उन्हात बांधकामावर विटा वाहणारी बाई आडोसा नाही म्हणून पाणीच कमी पिते, लघवी दाबून धरते. मग ती जळजळते. तेवढ्यापुरते धने-जिरे, सब्जा ठीक. खरे काम त्यातले पाणीच करते.

पण वारंवार थेंबथेंब लघवी, ओटीपोटात कळ असेल तर बहुधा आतड्यातले जंतू मूत्रमार्गात शिरलेले असतात. बाईचा तो मार्ग आखूड. धन्याने जंतू मरत नाहीत. लघवी तपासावी, गोळ्यांचा कोर्स पुरा करावा. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत.

थंडी वाजून ताप, पाठीत दुखणे, लघवीत रक्त, किंवा बाई गरोदर असेल तर लाजू नका, दुखणे मूत्रपिंडापर्यंत जाते. त्याच दिवशी अमरावतीत डफरीन, अकोल्यात सर्वोपचार गाठा.