घटिकापात्र आणि शंकू : प्रतिकृती शोभेची की उपयोगाची?

'घटका भरली' हा शब्दप्रयोग मराठीत आजही रूढ आहे. त्याच्या मुळाशी तांब्याचे एक साधे यंत्र आहे. अर्धगोलाकार वाटीच्या तळाशी बारीक छिद्र पाडून ती पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडली, की हळूहळू भरून ती 24 मिनिटांत बुडते. हीच एक घटिका. अशा 60 घटिकांचे एक अहोरात्र होते. लग्नमंडपात मुहूर्ताची वेळ या घटिकापात्रावरूनच ठरविली जात असे.

घड्याळे घरोघरी आली आणि हे पात्र अडगळीत गेले. अनभिज्ञ नजरेला ते केवळ तळ गळका झालेले भांडे दिसते; त्यामुळे ते मोडीत जाण्याचा धोका मोठा आहे. वास्तविक, 1972 च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार गतकाळातील विज्ञानाची साक्ष देणारी, किमान 100 वर्षे जुनी वस्तू 'पुरावशेष' ठरू शकते. अशी वस्तू खासगी व्यक्तीस परदेशी नेता येत नाही. म्हणूनच संग्राहकांची आणि शाळांची गरज भागविण्यास हाताने घडविलेली प्रतिकृती हाच योग्य मार्ग होय.

स्थळाशी जोडलेले यंत्र

जुन्या यंत्रांच्या पितळी प्रतिकृती भारतात आजही घडविल्या जातात. सर्वेक्षणाच्या उपकरणांसाठी प्रसिद्ध असलेले उत्तराखंडातील रूडकी हे त्यांचे एक मोठे केंद्र आहे. तथापि, दिवाणखान्यात शोभणारी प्रत्येक प्रतिकृती अचूक मापन करीलच असे नाही. सूर्यघड्याळाचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या तिरप्या पात्याचा कोन त्या स्थळाच्या अक्षांशाइतका असावा लागतो. लंडनसाठी तो सुमारे 51.5 अंश, नांदेडसाठी सुमारे 19 अंश, तर लातूरसाठी सुमारे 18.4 अंश असतो. लंडनच्या मापाचे घड्याळ नांदेडच्या अंगणात मांडले, तर ते केवळ शोभेची वस्तू ठरते.

हा फरक शंकूच्या साहाय्याने विद्यार्थ्यांनाही पडताळता येतो. मार्च व सप्टेंबरमधील विषुवदिनी 12 सेंटिमीटर उंचीच्या उभ्या काठीची माध्यान्ह छाया लातुरात सुमारे 4 सेंटिमीटर, तर नांदेडात सुमारे 4.2 सेंटिमीटर पडते. स्थानिक मध्यम वेळेनुसार दुपारचे 12 वाजतात तेव्हा भारतीय प्रमाणवेळेने नांदेडात सुमारे 12.21, तर लातुरात सुमारे 12.24 झालेले असतात. शेजारच्या दोन जिल्ह्यांतील हे तीन मिनिटांचे अंतर रेखांशांतील फरकामुळे पडते.

भास्कराचार्यांची कसोटी

घटिकापात्राचे वजन, उंची, व्यास आणि छिद्राची जाडी किती असावी, याची काटेकोर मापे काही प्राचीन ग्रंथांत दिलेली आहेत. इ.स. 1150 मध्ये 'सिद्धान्तशिरोमणि' रचणाऱ्या भास्कराचार्यांनी मात्र व्यवहार्य मार्ग सांगितला. पात्र कोणत्याही मापाचे असो. ते एका अहोरात्रात किती वेळा बुडते हे मोजावे आणि त्या संख्येने अहोरात्राला भागावे. येणारा भागाकार हेच त्या पात्राचे परिमाण. उदाहरणार्थ, पात्र 72 वेळा बुडाले तर त्याचे एक बुडणे 20 मिनिटांचे होय. यंत्राची पारख रूपावरून न करता प्रत्यक्ष मापनाने करावी, हे या नियमाचे मर्म आहे.

पात्र घडविण्यासाठी तांब्याचा पत्रा तापवून व ठोकून त्याला गोलाई द्यावी लागते आणि मठारकामाने तो घट्ट करावा लागतो. हे कौशल्य तांबट कारागिरांजवळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पोलाद व प्लास्टिकच्या भांड्यांमुळे मात्र त्यांचे काम घटले. पात्र उशिरा बुडत असेल तर छिद्र किंचित वाढवावे. लवकर बुडत असेल तर कडेने हलके ठोकून ते आवळावे. क्षारयुक्त पाण्यामुळे छिद्रात पुटे साचून वेळ चुकते; म्हणून पाणी स्वच्छ असावे व छिद्र अधूनमधून साफ करावे.

गावपातळीवरील कार्य

ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांनी गावातील जुने वाडे व देवस्थाने येथील अशा वस्तूंची मापे व छायाचित्रे घेऊन त्यांची नोंद ठेवल्यास पुढील कार्य सुकर होईल. मूळ वस्तू मालकाकडेच सुरक्षित राहावी. तिच्यावरून घडविलेल्या प्रतिकृतीवर 'प्रतिकृती' हा शब्द, कारागिराचे नाव व वर्ष कोरलेले असावे. त्यामुळे खरेदीदाराची फसवणूक टळेल, कारागिराला त्याचे श्रेय मिळेल आणि शाळेतील मुलांच्या हाती कालगणना प्रत्यक्ष अनुभवण्याचे एक साधन येईल.