काठीच्या होळीला नेण्याजोगा कॅमेरा

काठीच्या होळीला जायचं तर झोप घरी ठेवून निघावं. रेल्वेने नंदुरबारला उतरायचं, अक्कलकुवा गाठायचं, देवगोईचा घाट चढून मोलगी आणि मोलगीहून काठी. एके काळी हे मेवासी संस्थानाचं गाव, म्हणून होळीही 'राजवाडी'. फाल्गुन पौर्णिमेच्या रात्री सातपुड्यातली पाडेच्या पाडे इथे उतरतात. गुजरात, मध्य प्रदेशातूनही माणसं येतात. होळीचा उंच बांबू पेटतो तो मात्र थेट पहाटे. तोवर ढोल, पावरी आणि घुंगरं. मोरपिसांचे टोप घातलेले, अंगभर पांढरे ठिपके रंगवलेले, कमरेला वाळके भोपळे बांधलेले बुध्या रात्रभर नाचतात. भोपळ्यांचा नि घुंगरांचा मिळून एक खुळखुळाट होतो, तो दुसरीकडे कुठे ऐकायला मिळत नाही.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मित्राकडून मागून आणलेला एक स्वस्त हॅंडीकॅम सोबत होता. 'तीसपट झूम' असं त्याच्या अंगावरच छापलं होतं. सकाळी मोलगीत चहा पिताना बाकावर बसून रात्रीचं चित्रण लावलं. पडद्यावर काळोख, काळोखात मुंग्या धावाव्यात तसे दाणे, आणि मधोमध एक पांढरा फटफटीत डाग. तो डाग म्हणजे होळी! शेजारी बसलेला पाड्यावरचा एक पोरगा वाकून बघत होता. तो म्हणाला, "दादा, ढोल दिसतो, पण वाजत नाय."

एवढं नेमकं परीक्षण मला कुठल्याही दुकानदाराने ऐकवलं नव्हतं. घरच्यासाठी कॅमेरा घेणाऱ्याला मी तेव्हापासून एकच विचारतो: तुमचं सगळ्यात अवघड चित्रण कुठलं? मुलाचं स्नेहसंमेलन, गावची जत्रा, रात्रीची वरात, काठीची होळी, जे असेल ते. त्या एका रात्रीला जो टिकेल तो घ्या. उन्हातला वाढदिवस काय, खिशातला मोबाइलही टिपतो.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे वळू, कारण फसगत तिथे सुरू होते. मेगापिक्सेल हा आकडा स्थिर फोटोंच्या कामाचा. फुल एचडी चित्राची एक चौकट 1920 गुणिले 1080, म्हणजे जेमतेम 21 लाख पिक्सेल. फोर-के म्हटलं तरी सुमारे 83 लाख. मग खोक्यावरचे दोन कोटी पिक्सेल चित्रणात करणार काय? विचारायचं ते सेन्सरच्या मापाबद्दल. सेन्सर म्हणजे भिंगातून आलेला उजेड झेलणारी चकती. उजेड पावसासारखा मानला तर सेन्सर म्हणजे अंगणात ठेवलेलं भांडं. तोंड रुंद तितकं पाणी जास्त. स्वस्त कॅमकॉर्डरमध्ये ही चकती 1/5.8 इंच म्हणून ओळखली जाणारी, डाळीच्या दाण्याएवढी असते. 'एक इंची' सेन्सर प्रत्यक्षात 13.2 गुणिले 8.8 मिलिमीटर भरतो, आणि त्याचं क्षेत्रफळ त्या दाण्याच्या वीसपटीहून अधिक होतं. अंधारातल्या मुंग्या कुठून येतात ते इथे कळतं: उजेड अपुरा पडला की कॅमेरा मिळालेला संकेत ताणून मोठा करतो, आणि संकेताबरोबर त्यातला गोंधळही ताणला जातो.

झूमचंही तसंच. 'डिजिटल झूम' म्हणजे चित्राचा तुकडा कापून फुगवणं. तो आकडा वाचूच नका. ऑप्टिकल झूम खरा, पण त्यालाही रात्री किंमत मोजावी लागते. झूम पुढे ढकलला की बहुतेक भिंगांचं तोंड अरुंद होतं. एफ 1.8 वर सुरू होणारं भिंग शेवटच्या टोकाला एफ 4 वर आलं, तर उजेड पाचपटीने घटतो. रिंगणाबाहेरून बुध्याचा चेहरा जवळ आणायला गेलो, तेव्हा माझं चित्र का विझलं, त्याचा उलगडा घरी माहितीपत्रक वाचताना झाला. रात्री झूमचं बटण विसरायचं आणि दोन पावलं पुढे सरकायचं.

थोडं विषयांतर. आपल्या माणसांनी चित्रण सुरू केलं तेही अशाच गर्दीच्या प्रसंगांपासून. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनवर चित्रित केली ती कुस्ती! फिल्म धुवायला परत लंडनला धाडावी लागली होती. घरगुती चित्रण मात्र फार उशिरा आवाक्यात आलं. आमच्या पिढीला आठवतो तो लग्नातला शूटिंगवाला, त्याच्या खांद्यावरचा धोंड्यासारखा कॅमेरा आणि नवरीचे डोळे दिपवणारा हॅलोजन. 1995 मध्ये मिनी-डीव्ही टेप आली आणि डिजिटल चित्रण काडेपेटीपेक्षा जरा मोठ्या कॅसेटमध्ये मावू लागलं. 2006 मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकने एव्हीसीएचडी ही पद्धत आणली. टेप हळूहळू गेली, मेमरी कार्ड आलं. कपाटात मिनी-डीव्हीच्या कॅसेट पडल्या असतील तर नव्या कॅमेऱ्याच्या आधी त्या संगणकात उतरवून घ्या. त्या वाजवणारी यंत्रं दर वर्षी कमी होत चालली आहेत.

मग मोबाइल असताना कॅमकॉर्डर घ्यावाच का? खरं सांगायचं तर दहातल्या आठ जणांनी घेऊ नये. कंपन्यांनीही हा धंदा आवरत आणला आहे. दुकानात पूर्वी फळीभर मॉडेलं असायची, आता मोजकी दिसतात. पण उरलेल्या दोघांसाठी कॅमकॉर्डरकडे तीन गोष्टी अजून आहेत. हाताच्या पट्ट्यात तो तासन्‌तास नीट बसतो. बॅटरी मागे बाहेर निघते, म्हणून जाडजूड बॅटरी लावता येते आणि खिशात दुसरी ठेवता येते. होळीच्या मैदानात चार्जिंगचा बोर्ड शोधत कोण फिरणार? आणि त्याचा हात हलत नाही. सोनीच्या एएक्स 43 सारख्या मॉडेलात भिंग आणि सेन्सर मिळून अख्खा डोळाच आत तरंगता ठेवलेला असतो. आपण चालतो, चित्र स्थिर राहतं. खिशात मावणारा डीजेआयचा ऑस्मो पॉकेट 3 ही आणखी एक वाट. त्यात एक इंची सेन्सर आहे आणि तो इवल्या गिंबलवर बसवलेला आहे. अंधारात तो सरस, पण खऱ्या झूमच्या नावाने शून्य.

जुना कॅमेराही वाईट नाही. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात फिरलात तर पर्याय दिसतील. फक्त दुकानाच्या दिव्यांखाली पाहून पैसे देऊ नका. आपलं कार्ड घालून एखाद्या अंधाऱ्या जिन्यात दोन मिनिटं चित्रण करा आणि ते मोठ्या पडद्यावर बघा.

न्यू जर्सीहून भाचा स्वस्तात आणतोय, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी एक इशारा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे पुष्कळसे दिवे सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. आपल्या पद्धतीचा कॅमेरा सेकंदाला 25 किंवा 50 चौकटी घेतो, म्हणून ताळ जमतो. अमेरिकेतला 30 किंवा 60 घेतो, आणि बऱ्याच घरगुती मॉडेलांत ते बदलताच येत नाही. मंडपातल्या दिव्यांखाली मग पट्टे सरकत राहतात. शटर 1/50 किंवा 1/100 वर बांधता आलं तर त्रास कमी होतो. ती सोय आहे का, ते आधी विचारा.

कार्डाचा हिशेब सोपा आहे. फोर-के चित्रण सेकंदाला 100 मेगाबिटने केलं तर तासाला 45 जीबी लागतात. 64 जीबीचं कार्ड दीड तासही पुरत नाही. फुल एचडी 28 मेगाबिटने घेतलं तर त्याच कार्डावर पाच तास मावतात. अख्खी रात्र जागायची असेल तर मी फुल एचडीच घेतो. अंधारात फोर-केचा बारकावा तसाही दाण्यांत हरवतो. कार्ड मात्र व्ही 30 शिक्क्याचं घ्या.

आता आवाज. खरेदी करताना याची चौकशी कोणी करत नाही, आणि त्या पोराने बोट ठेवलं ते यावरच. घरगुती कॅमेऱ्यात आवाजाची पातळी आपोआप ठरते. ढोलावर टिपरू पडलं की कॅमेरा दचकतो आणि सगळाच आवाज खाली दाबतो. परत वर आणेपर्यंत पुढचा ठोका पडलेला असतो. म्हणून ढोल बोदा वाजतो, पावरी बुडते आणि घुंगरं तर नाहीतच. इलाज दोन: आवाजाची पातळी हाताने बांधता आली पाहिजे, आणि बाहेरचा मायक्रोफोन लावायला जागा पाहिजे. खोक्यावर या गोष्टी ठळक छापत नाहीत. दुकानात कॅमेरा हातात घेऊन मेनू उघडून बघा. ही सोय नसेल तर बाकी कितीही झगमगाट असो, मी तो कॅमेरा परत ठेवतो. चित्र थोडं दाणेदार असलं तरी माणसं बघतात. फाटका आवाज कोणी ऐकत नाही.

दुसऱ्या खेपेला मी तयारीने गेलो. व्हाइट बॅलन्स बांधून ठेवला, नाहीतर कॅमेरा जाळाचा केशरी रंग 'दुरुस्त' करून फिका पाडतो. एक्सपोजर जाळावर धरून जरा खाली आणलं. ज्वाळांना आकार आला, आणि त्या उजेडात येणारे चेहरे उजळून अंधारात जात राहिले. फोकसही बांधला, कारण लवलवत्या ज्वाळा पाहून कॅमेऱ्याची नजर सारखी पुढेमागे होते. सोनीच्या काही मॉडेलांत नाइटशॉट असतो, त्याच्या वाट्याला गेलो नाही: चित्र हिरवट, आणि जाळातून अवरक्त किरणं इतकी निघतात की पडदा पांढराच होतो. भिंगावर साधा यूव्ही फिल्टर लावला. धूळ आणि राख त्यावर बसते, भिंग वाचतं.

आणखी एक गोष्ट कॅमेरा निवडतानाच लक्षात घ्यावी. बुध्या हौसेने सजलेले कलावंत नसतात. नवस असतो, त्यासाठी कडक व्रत पाळलेलं असतं. त्यांच्या तोंडावर दिवा मारणं म्हणजे आरती चालू असताना देवाच्या डोळ्यात बॅटरी मारण्यासारखं. वर दिवा लावल्याशिवाय ज्याला दिसत नाही, तो कॅमेरा इथे आणूच नये. उघड्या पडद्याचा उजेडही मागच्यांना खुपतो; डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर असलेलं मॉडेल मिळालं तर उत्तम. चित्रण करण्याआधी विचारावं. नको म्हणाले तर कॅमेरा खाली.

सकाळी पुन्हा मोलगीत तोच चहा. या वेळी बाकावर एक म्हातारे बाबा होते. त्यांना पडदा दाखवला तर म्हणाले, दिसत नाही नीट, चष्मा नाही. मग मी हेडफोन त्यांच्या कानाला लावले. थोडा वेळ त्यांनी मान हलवत ऐकलं आणि हेडफोन काढून माझ्या हातात ठेवले.

"ढोल चांगला आहे," ते म्हणाले, "पण आमच्या पाड्याचा नाय हा. पलीकडच्यांचा आहे. आमचा तू घेतलाच नाही."