जुनं चित्रण, नवा संगणक (भाग ७) : डीव्हीडीतून चित्र उचलताना

मागच्या भागात व्हीएचएस कॅसेटसाठी जो खटाटोप केला, तो डीव्हीडीला लागत नाही. तासाच्या कॅसेटला तासभर बसून राहायचं, हेड साफ करत बसायचं, असलं काही इथे नाही. चित्रण डिस्कवर आधीच डिजिटल आहे, ते फक्त उचलून आणायचं. तरीही घरगुती चित्रणाची खरी नासाडी याच पायरीवर होते. लोक हाताला लागेल तो कन्व्हर्टर उघडतात आणि एमपी४ करून मोकळे होतात. डीव्हीडीसाठी आधीच दाबलेलं चित्र तिथे पुन्हा दाबलं जातं, आणि संकलन संपवून फाइल काढताना आणखी एकदा. म्हणून नियम एकच : संकलनाआधी चित्राला हात लावायचा नाही, आहे तसं काढायचं.

डिस्क संगणकात घालून आत काय आहे ते आधी पाहा. ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर दिसला, तर ती रीतसर डीव्हीडी. त्यातल्या व्हीओबी फाइलींमध्ये चित्र आणि आवाज असतो, आयएफओमध्ये त्यांचा नकाशा आणि बीयूपी ही त्या नकाशाची राखीव प्रत. एकेक व्हीओबी १ जीबीच्या आत ठेवलेली असते. ही तोडणी निव्वळ आकारावरून होते, प्रसंगाशी तिचा संबंध नाही. ऐन ‘सावधान’च्या मध्यावरही एक फाइल संपून दुसरी सुरू होऊ शकते. त्यामुळे व्हीओबी सुट्या सुट्या उचलून संकलनात टाकल्या, की सांध्यावर चित्र अडखळतं आणि आवाज ओठांच्या मागेपुढे जातो.

‘एमपीईजीएव्ही’ फोल्डर आणि त्यात डीएटी फाइली दिसल्या, तर ती डीव्हीडी नव्हे, व्हीसीडी. आपल्याकडे लग्नाच्या दोन्ही प्रकारच्या तबकड्यांना सरसकट ‘सीडी’च म्हणत, म्हणून हा घोळ नेहमी होतो. व्हीसीडीचं चित्र जेमतेम ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, त्यातून फार अपेक्षा ठेवू नका. टीव्हीखाली ठेवायच्या रेकॉर्डरवर भरलेल्या काही डिस्कांत एकच भलीमोठी व्हीआरओ फाइल सापडते, तीही चालते. आणि डिस्क कोरी दिसली, तरी लगेच टाकून देऊ नका. बहुधा ती ‘फायनलाइज’ करायची राहिलेली असते. ज्या कॅमेऱ्यावर किंवा रेकॉर्डरवर ती भरली, त्यातच परत घालून ते काम करावं लागतं. हँडीकॅमची ८ सेंटिमीटरची छोटी डिस्क मात्र नुसती फट असलेल्या ड्राइव्हमध्ये सरकवू नका, आत अडकून बसेल. तिला ट्रेवाला ड्राइव्हच हवा.

डिस्क पुसायची असेल तर मऊ सुती कापडाने, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल घासलं आणि ओरखडा उठला, तर तो माहितीच्या मार्गाबरोबरच धावतो, आणि सलग माहिती गेली की ड्राइव्हला ती सावरून घेता येत नाही. डिस्क वाचताना ड्राइव्ह घरघरत राहिला, तर दुसऱ्या ड्राइव्हवर करून पाहा. एकाला न वाचता आलेली डिस्क दुसरा सुरळीत वाचतो, हे अनेकदा घडतं. तरीही नाही जमलं, तर डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम वापरा. तो चांगला भाग आधी उचलतो आणि खराब जागांकडे नंतर वळतो.

आता मुख्य काम. मेकएमकेव्ही हा प्रोग्राम डीव्हीडीसाठी फुकट आहे. तो नकाशा वाचून सगळे तुकडे जोडतो आणि मूळ एमपीईजी-२ चित्र जसंच्या तसं एमकेव्ही फाइलीत ठेवतो. एक खोच आहे : दोन मिनिटांहून छोटे तुकडे तो एरवी वगळतो. बाळाची पहिली पावलं नेमकी चाळीस सेकंदांची असतात! सेटिंगमधला किमान लांबीचा आकडा आधी शून्य करा. शॉटकट आणि केडेनलाइव्ह हे फुकट संकलन प्रोग्राम ही फाइल सरळ उघडतात. तुमचा प्रोग्राम कुरकुरला, तर प्रोरेसमध्ये रूपांतर करा. जागा भरपूर खाईल, पण चित्राला झळ दिसणार नाही.

भारतातल्या डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं, आणि प्रत्येक चित्र ओळीआड ओळ असं दोन हप्त्यांत टिपलेलं. टीव्हीवर ते कळत नसे. संगणकावर वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्याचे दात फुटतात ते यामुळेच. शेवटची फाइल काढताना डीइंटरलेस करा आणि वेग सेकंदाला ५० चित्रांचा ठेवा, म्हणजे लेझीमची लय तुटणार नाही. चौकट ४:३ आहे की १६:९, तेही एकदा तपासा, नाहीतर सगळे वऱ्हाडी ताणलेले किंवा चेपलेले दिसतील. अमेरिकेतल्या नातलगांनी पाठवलेली डिस्क ७२० बाय ४८० ची आणि सेकंदाला २९.९७ चित्रांची असते. ती वेगळ्या प्रोजेक्टमध्येच घ्या.

काही गोष्टी मात्र कुठल्याच प्रोग्रामने परत येत नाहीत. तीन-चार तासांचं लग्न एकाच ४.७ जीबीच्या डिस्कवर कोंबलं असेल, तर अक्षता उडताना चित्राचे चौकोन होणारच. शूटिंगवाल्याने मंगलाष्टकं पुसून वर सिनेमाचं गाणं चढवलं असेल, तर मूळ आवाज त्या डिस्कवर नाहीच. पण त्याच्या कपाटात मूळ मिनी डीव्ही कॅसेट अजून असू शकते. तिच्यात सेकंदाला सुमारे २५ मेगाबिट चित्र असतं, डीव्हीडीची कमाल मर्यादा ९.८ ची. त्या कॅसेटी संगणकात कशा घ्यायच्या, ते पुढच्या भागात पाहू. तोवर आपल्या शूटिंगवाल्याला एक फोन करा आणि त्याने कपाट रिकामं करण्याआधी कॅसेट मागून घ्या.